मूरा वर येत नाही

एका सप्टेंबरात मेंढ्यांचा कळप डोंगरावरून खाली उतरत होता, तेव्हा खिंडीखालच्या दगडी उतारावर मूरा घोडी एकदम पुढच्या गुडघ्यांवर बसली. पाठीवर राफिला होती. ती मानेवरून घसरून बाजूच्या झुडपात पडली. कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. मूरा आपली आपण उठली, पण उठल्यावर तिचे चारही पाय थरथरत होते आणि ती राफिलाकडे बघायला तयार नव्हती. मान वळवून दरीकडे बघत राहिली. राफिलाने तिच्या गुडघ्यांवरची माती झाडली, एका गुडघ्यावर रक्त आलं होतं ते कमरेच्या फडक्याने टिपलं आणि तिच्या कानाशी म्हणाली, "काही नाही गं बाई. दगड निसटला."

दगड निसटला नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

मागून राफिलाचा मुलगा साबिन धावत आला. "आई, काय झालं?"

"डुलकी लागली मला. पडले."

"घोडीवर डुलकी? तुला?"

"म्हातारी झाले आता. तू तुझ्या मेंढ्या बघ, जा."

उरलेली सगळी वाट राफिला पायीच उतरली. कुणी विचारलं तर म्हणायची, जरा पाय मोकळे करतेय.

राफिला त्या मेंढवाड्याची कर्तीसवरती बाई. पारिंग डोंगराच्या त्या बाजूला मेंढ्या राखायच्या आणि पिळायच्या पुरुषांनी, पण एकदा दूध तांब्याच्या हंड्यात पडलं की पुढे शब्द चालायचा तो बाईचाच. किती विरजण घालायचं, दही कधी मोडायचं, चीज कुठल्या फडक्यात बांधायचं, हे तिने ठरवायचं. लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात सासूने तिच्या हातात लाकडी डाव दिला होता, तो आजवर सुटला नव्हता. मे महिन्यात वर जायचं आणि पानं पिवळी पडायला लागली की खाली यायचं. नवरा अव्राम खाली गावात राहून गवत कापायचा, मका आणि आलुबुखाराची झाडं बघायचा. अर्धं वर्ष दोघांचा संसार निरोपांवर चालायचा. "म्हणूनच टिकला," असं अव्राम चारचौघांत सांगायचा आणि राफिला त्याला डोळे वटारून दाखवायची.

मूरा जन्मली ती वरच. शिंगरू जेमतेम पायांवर उभं राहायला लागलं होतं तेव्हा तिच्या आईवर वीज पडली. राफिलाने मेंढीच्या दुधात पाणी घालून बाटलीने तिला वाढवलं. त्यामुळे ती पोर स्वतःला मेंढीच समजायची. मेंढ्या बसल्या की बसायची, मीठ चाटायला त्यांच्यात घुसायची, कुत्रे भुंकले की कळपाच्या मधोमध जाऊन लपायची आणि तिचं लांबलचक तोंड सगळ्यांच्या वर दिसायचं. काळीभोर होती म्हणून नाव ठेवलं मूरा. कुंपणाच्या काटेरी वेलींना ज्या काळ्या आंबटगोड बेरी लागतात, त्यांना तिकडे मूरा म्हणतात.

मोठी झाल्यावर तिने हंडा वर नेला, मीठ नेलं, पीठ नेलं, चीजच्या गोण्या खाली आणल्या. पण त्या दोघींच्या मैत्रीची खरी गाठ बसली ती एका जुलैत. राफिलाच्या पोटात आग पडली, उभं राहवेना की निजवेना. साबिन तेव्हा शाळेत जाणारा, पुरुष सगळे रानात. राफिलाने कशीबशी स्वतःला मूराच्या पाठीवर आडवी घातली आणि आयाळ मुठीत धरली. मूरा एरवी उताराला दुडक्या चालीने निघायची. त्या दिवशी ती एकेक खूर टेकवून, चाचपून, मग भार टाकत उतरली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आतडं फुटायच्या बेतात होतं, अजून थोडे हिसके बसते तर संपलं होतं. राफिला बरी होऊन घरी आली ती आधी तबेल्यात गेली, मग घरात. अव्रामने तेव्हापासून ते तोंडी लावायला घेतलं होतं: "माझा नंबर दुसरा."

आता मूरा सव्वीस-सत्तावीस वर्षांची झाली होती. डोळ्यांवर खळगे पडले होते. पाठ झोळीसारखी खाली गेली होती. काळ्या तोंडावर कुणी राख फासावी तसे पांढरे केस. हिवाळाभर राफिला तिला रोज खरारा करायची आणि हाताला बरगड्या लागल्या की हात तिथून लवकर काढून घ्यायची. मूरा आता वर जाणार नाही हे घरात सगळ्यांना दिसत होतं. तोंडाने कुणी म्हणत नव्हतं.

एप्रिलमध्ये साबिनने एक तपकिरी घोडा आणून अंगणात उभा केला. तरणा, चकचकीत, कपाळावर पांढरा टिळा. नाव दुकात.

"हा कशाला?" राफिलाने विचारलं.

"ओझ्याला."

"ओझ्याला मूरा आहे."

साबिनने घोड्याची दोरी हाताला गुंडाळली. त्याची बायको वेता पायऱ्यांवर बटाटे सोलत होती, तिने मान खाली घातली. शेवटी अव्रामच बोलला. "राफिला, खिंडीखाली तुला डुलकी लागली नव्हती. मला काय कळत नाही? घोडीचा गुडघा सोललेला होता."

राफिलाने दुकातभोवती एक फेरी मारली, त्याचा ओठ वर करून दात बघितले, खूर उचलून बघितला. "पाय बरे आहेत," ती म्हणाली. "तोंडावरून मात्र मूर्ख दिसतो." आणि आत निघून गेली.

मे महिन्यात कळप निघाला त्या सकाळी राफिलाने मूराला तबेल्यात बंद केलं. पुढे भिजवलेला मका ठेवला, दाराला आतून पोतं लावलं, म्हणजे घंटांचा आवाज कमी पोचेल. शेकडो मेंढ्या गळ्यात घंटा बांधून घरावरून जात असताना पोत्याने काय होणार? गल्ली संपते न संपते तोच मागून दारावर लाथा बसायला लागल्या. मग खिंकाळणं. राफिला दुकातवर बसली होती. तिने रुमाल पुढे ओढला आणि मागे बघितलं नाही. दुकात सारखा कान हलवत होता, त्याची चाल अशी की हाडं खुळखुळावीत. राफिला वाटभर त्याला शिव्या देत होती आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

वर सगळं जिथल्या तिथे होतं. लाकडी खोपट, त्यातली चूल, बाहेर काट्यांचं कुंपण, कुत्रे, धूर. फक्त संध्याकाळी धार काढून झाली की राफिला सवयीने मक्याच्या घाट्याचा एक गोळा हातात घेऊन खोपटाच्या मागे जायची आणि तिथे दुकात उभा असायचा. तो गोळा खायचा, चांगला खायचा, पण खाऊन झालं की निघून जायचा. मूरा खाऊन झाल्यावर राफिलाच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची. त्या हनुवटीचं वजन राफिलाच्या खांद्याला आठवायचं. रात्री कूस बदलताना ती त्या खांद्यावर निजायची नाही.

फोन लागायचा एकाच खडकावर. राफिला दिवसाआड तिथे चढून जायची.

"खाते का?"

"खाते की."

"काय खाते?"

"घोडी काय खाते, राफिला? गवत. कोंबडीचं सूप अजून मागितलं नाही तिने."

"मका भिजवून देतोस ना? तिचे दात गेलेत."

"देतो, देतो. माझ्या दातांची कधी चौकशी केली नाहीस ती."

"तू कुठे खिंकाळतोस?"

"खिंकाळून बघू का?"

ती हसत खडकावरून उतरायची. असा जून गेला. मग एक दिवस तिने विचारलं, "खाते का?" आणि अव्राम म्हणाला, "हो." पुढे काहीच नाही. सूप नाही, दात नाहीत.

"अव्राम?"

"हो म्हटलं ना. खाते. इथे गवत कापायचं पडलंय, ठेवतो."

इतक्या वर्षांत त्या माणसाने तिला साधं, सरळ उत्तर कधी दिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात साबिन पीठ आणायला खाली जाऊन आला. राफिलाने त्याला घोड्यावरून उतरूही दिलं नाही. "मूराला बघितलंस?"

"बघितलं."

"माझ्याकडे बघून बोल."

"बारीक झालीय, आई. बाबा म्हणाले तुला सांगू नको." साबिन खाली उतरून खोगिराचा पट्टा सोडवायला लागला आणि तो त्याला सुटेना. "दिवसभर वरच्या कुंपणाशी उभी असते. डोंगराकडे तोंड करून."

दुसऱ्या दिवशी सकाळची धार झाली आणि राफिलाने हातातला डाव वेताला दिला. "दुपारचं तू कर. आणि उद्याचंही."

वेता खाणकामगाराची पोरगी, लग्नाआधी तिने मेंढी लांबूनच पाहिलेली. "आई, मला जमणार नाही. तुम्ही म्हणता हाताला कळतं. माझ्या हाताला काही कळत नाही."

"मग हंड्यात हात घालून उभी राहा, कळेपर्यंत," राफिला म्हणाली आणि काठी घेऊन निघाली.

दुपार कलताना ती घराच्या वरच्या अंगाला पोचली. मूरा कुंपणाशी उभी होती. राफिला तिला लांबून दिसली नसणार, एका डोळ्यावर पडदा आलेला होता. पण वाऱ्याने वास नेला असेल. मूराने मान उचलली, नाकपुड्या फुगवल्या आणि इतकं बारीक, घशातल्या घशात फुरफुरली की राफिलाला ते शिंगरूच वाटलं, बाटलीसाठी ओरडणारं. राफिला कुंपणावरून पलीकडे गेली. गवतात जागोजागी ओले बोळे पडले होते. गवत तोंडात घ्यायचं, दात नसलेल्या हिरड्यांनी घोळवायचं, गिळता आलं नाही की टाकून द्यायचं. मूराच्या पुठ्ठ्याची हाडं पिशवीत कोंबलेल्या फळ्यांसारखी वर आली होती.

अव्राम विळा घेऊन आला तो कुंपणाशीच थांबला.

"ही काय झालीय?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? हंडा टाकून पळत आली असतीस."

"आलेच ना?"

"म्हणून तर सांगितलं नाही." तो विळ्याच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. "मका भिजवतो, मऊ करतो. सफरचंदं उकडून घातली. वास घेते आणि तोंड फिरवते. एक दिवस तर तुझा रुमाल बांधून गेलो तिच्यापुढे. हसू नकोस."

"फसली?"

"कुठली. माझ्याकडे असं बघितलं की मी तो रुमाल लगेच काढला."

राफिलाला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिने मूराच्या मानेवर हात ठेवला. मूरा आता तिच्या अंगाला अंग लावून उभी होती आणि समोर पारिंगचा माथा उन्हात उघडा पडला होता. "तिला वर जायचंय," राफिला म्हणाली. "दिवसभर त्याच्याकडेच बघते. तिथे जन्मली ती. मी उद्या हिला वर नेते."

"तुझं डोकं फिरलंय? जाईल ती?"

"पाठीवर काही ठेवणार नाही. बसत थांबत जाऊ. दोन दिवस लागले तर दोन दिवस. वर मऊ गवत आहे, चीज काढल्यावर उरलेली निवळी आहे, मी तिला घाट्यात निवळी कालवून देईन. वर ती जगेल."

"आणि वाटेत पडली तर?"

"तर तिच्या वाटेवर पडेल. तुझ्या कुंपणाशी नाही."

अव्रामने विळा खांद्यावर टाकला आणि उद्यासाठी पाव आणि मीठ बांधायला घरात गेला.

सकाळी कोवळ्या उन्हात दोघी निघाल्या. राफिलाने दावंही लावलं नाही. पाठीला तिची स्वतःची पिशवी, तिच्यात पाव, मीठ, मक्याचं पीठ आणि एक छोटं भांडं. मूरा मागून चालत होती, तिचा श्वास राफिलाच्या मानेवर येत होता. ओढ्याकाठी चाल चांगली होती. राफिलाच्या मनाने उचल खाल्ली. ती बोलत होती. अमक्या वळणावर तू लांडग्याचा वास घेऊन मला पाण्यात पाडलं होतंस, आठवतं का? इथे साबिनला पडशीत घालून नेलं होतं, ताप होता त्याला, आणि तो तुझ्या मानेला पकडून गाणी म्हणत होता. मूरा कान तिच्याकडे लावून चालत होती. बीचच्या झाडांच्या रानात सावली होती, माती ओली, मऊ. थोडं चालायचं, थोडं थांबायचं. थांबलं की राफिला तिच्या छातीला हात लावून बघायची. आत काळीज धडधडत असायचं. मग ते निवेपर्यंत दोघी उभ्या.

रान संपतं तिथे एक छोटं कुरण आहे. तिथे झऱ्याचं पाणी पोखरलेल्या ओंडक्यात पडतं. दरवर्षी कळप तिथे पाणी पितो आणि मग उघड्या डोंगराचा खरा चढ लागतो. मूरा पाणी प्यायली. मग कुरणाच्या मधे गेली, उन्हात उभी राहिली आणि थांबली.

राफिलाने तिला पुरेसा वेळ दिला. मग म्हणाली, "चल गं. आता थोडंच."

मूरा हलली नाही.

राफिलाने मीठ तळहातावर घेऊन पुढे धरलं, मागे मागे सरकत गेली. मूराने मान लांब केली, पाय उचलला नाही. राफिलाने लाडीगोडी लावली, मग दटावलं, मग मागे जाऊन पुठ्ठ्याला खांदा लावून ढकललं. आयुष्यात त्या घोडीला तिला कधी ढकलावं लागलं नव्हतं. शेवटी तिने केलं ते जुन्या हिशेबाने केलं: पाठ फिरवली आणि एकटी चढायला लागली. ती पुढे गेली की मूरा मागून येणार, हे शिंगरू होती तेव्हापासूनचं ठरलेलं.

वळणापर्यंत ती गेली. तिथून वरचा माथा दिसतो. वाऱ्यावर धुराचा वास आला, लांब कुठेतरी कुत्रा भुंकला, घंटा वाजल्या. राफिलाच्या अंगातून शिरशिरी गेली. तिथे उभं राहून दर वर्षी तिला असंच व्हायचं, नवरी होऊन आली तेव्हापासून. तिने आनंदाने मागे वळून बघितलं, बघ गं, आलो, असं म्हणायला.

मूरा कुरणाच्या कडेपर्यंत आली होती. पुढचे दोन्ही खूर चढाच्या पहिल्या दगडावर होते आणि गुडघे लटलट कापत होते. माथ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. धूर, घंटा, कुत्रा, कशाकडेच नव्हतं. तिचे कान, नाक, तो एक धड डोळा, सगळं राफिला उभी होती तिथे लागलं होतं. आणि राफिला थांबलेली दिसताच ती घशातल्या घशात फुरफुरली, काल कुंपणाशी फुरफुरली होती तशीच.

राफिला खाली आली. चढायला लागला होता त्याहून उतरायला जास्त वेळ लागला, कारण तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. ती गवतात बसली. मूरा मोठ्या कष्टाने, एक एक पाय दुमडत तिच्याशेजारी बसली. राफिलाने झऱ्याच्या पाण्यात पाव भिजवला, चुरला, तिच्यापुढे धरला. मूराने तो खाल्ला. दुसरा घास खाल्ला. मक्याचं पीठ भांड्यात कालवलं, तेही चाटूनपुसून खाल्लं. एवढे आठवडे जिने उकडलेल्या सफरचंदाला तोंड लावलं नव्हतं ती राफिलाचा तळहातसुद्धा चाटत बसली.

"म्हणजे तू माझी वाट बघत होतीस होय गं," राफिला म्हणाली. "आणि मी म्हणत होते, हिला डोंगर हवाय."

डोंगर हवा होता तिला, राफिलाला. मूराने तो केव्हाच सोडून दिला असेल, कदाचित त्या दगडी उतारावरच, दरीकडे बघत. राफिला बराच वेळ तिच्या आयाळीत बोटं घालून बसून राहिली. ऊन कलायला लागलं तेव्हा मूरा आधी उठली आणि खालच्या वाटेला लागली. या वेळी राफिला तिच्या मागून चालली.

घरी पोचल्यावर अव्रामने तबेल्यात पेंढा दुप्पट टाकला.

त्यानंतर राफिला एकदाच वर गेली. साबिन पिठासाठी आला होता, त्याच्याबरोबर, दुकातच्या पाठीवर. खोपटात शिरल्याबरोबर तिने फळीवरची चीज बघितली. दाबून बघितली, वास घेतला, एका चीजला सुरी लावली. वेता दारात हात बांधून उभी, फाशीची शिक्षा ऐकायला उभी असल्यासारखी.

"हे कुणी केलं?"

"मीच. दुसरं कोण आहे इथे?"

"विरजण मोजून घातलंस?"

"आधी मोजून घातलं, तेव्हा बिघडलं. ते कुत्र्यांना दिलं. मग हंड्यात हात घालून उभी राहिले, तुम्ही म्हणालात तशी." वेताने तळहात पुढे केला. "हसू नका, आई, पण मला कळलं."

राफिला हसली नाही. तिने आणखी एक तुकडा कापून तोंडात टाकला. चीज चांगलं होतं. तिच्या हातचं असतं तसं नव्हतं, जरा घट्ट, जरा वेगळं, पण चांगलं. आपल्याशिवाय इथे काय होईल, या काळजीला ती वर्षानुवर्षं धरून होती. त्या काळजीच्या जागी आता एक मोकळी जागा झाली आणि ती मोकळी जागा तिला भावली नाही.

"मी आता खालीच राहते," ती म्हणाली. "मूरा आहे तोवर तर राहतेच."

साबिन म्हणाला, "घोडीसाठी?"

"तुझ्यासाठी राहिले असते तर तुला बरं वाटलं असतं का?"

"नाही," साबिन घाईने म्हणाला आणि वेता खुदकन हसली.

मूरा आता अव्रामच्या हातून थोडंफार खायला लागली होती, म्हणून काही दिवस राफिला तिथे राहिली, वेताला निवळी तापवून उर्दा हे मऊ चीज कसं काढायचं, हंडा राखेने कसा घासायचा ते दाखवलं. दोघी दोनदा भांडल्याही. निघायच्या सकाळी डाव वेताच्याच हातात होता आणि राफिलाने तो मागितला नाही. मेंढ्या धारेच्या फाटकातून एकेक करून बाहेर पडत होत्या, अंगांतून वाफा निघत होत्या. राफिलाने ते सगळं एकदा बघून घेतलं, मग परत एकदा बघितलं. साबिन दुकातला घेऊन उभा होता, ती त्याला म्हणाली, "थांब रे जरा." असं ती तीनचार वेळा म्हणाली.

खालचा उन्हाळा तिला ठाऊक नव्हता. त्या एका आजारपणाचे दिवस सोडले तर इतक्या वर्षांत तिने जुलै-ऑगस्टात आपलं घर पाहिलंच नव्हतं. अंगणात एवढी मधमाशी येते, संध्याकाळी नदीवरून असा वारा सुटतो, शेजारची बाई इतकी बोलते, हे सगळं तिला नवीन. अव्राम दिवसभर घरात बायको बघून भांबावून गेला होता. दोनदा तो तिला विचारायला गेला, काही हवंय का, आणि तिसऱ्यांदा ती म्हणाली, "हो, जरा एकटं राहायला हवंय."

सकाळ-संध्याकाळ ती मूरासाठी मका शिजवायची, त्यात कोंडा आणि किसलेलं गाजर घालायची, तोबऱ्यात भरून तिच्या तोंडाला बांधायची आणि ते संपेपर्यंत तिच्यापाशी बसायची. मूराच्या बरगड्या हळूहळू जरा झाकल्या. पाठ तशीच राहिली, डोळ्यावरचा पडदा वाढला. ती आता कुंपणाशी जात नव्हती. राफिला जिथे असेल तिथे असायची. धुणं वाळत घालताना चादरीमागे, शेंगा निवडताना ओट्याशी. अव्राम म्हणायचा, "आता स्वयंपाकघरात एक खाट टाकू तिच्यासाठी."

पण कधी दुपारी पारिंगवर ढग चढले आणि लांब गडगडलं की राफिलाच्या हातातलं काम सुटायचं. आता मेंढ्या आत घ्यायला हव्यात. हंड्यावर झाकण घालायला हवं. वेताला सांगितलंय का, पावसात बाहेर चूल पेटवू नको म्हणून? सांगितलंय. तरी ती अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहायची. जीव असा ओढला जायचा की वाटायचं, आत्ता उठावं, काठी घ्यावी आणि चालायला लागावं. वास यायचा तिला, खराच यायचा, गरम निवळीचा आणि ओल्या लोकरीचा. मग पाऊस तिकडेच पडून जायचा. मूरा मागून येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकायची. राफिला ते वजन घेऊन उभी राहायची. ओढ काही कमी व्हायची नाही. ती ओढ घेऊन तिथे उभं राहता यायचं, इतकंच.

सप्टेंबरात कळप उतरला. वेता उन्हाने रापली होती, हाताला घट्टे पडले होते, चालण्यात एक ऐट आली होती. तिने आपल्या हातचं चीज राफिलापुढे टेबलावर ठेवलं. राफिलाने एक फोड कापली, तोंडात घोळवली.

"मीठ जरा जास्त आहे," ती म्हणाली.

"जास्त नाही," वेता म्हणाली.

राफिलाने तिच्याकडे बघितलं. मग दुसरी फोड कापली, अव्रामला दिली आणि तिसरी स्वतः घेतली.

ऑक्टोबरात दिवस उबदार होते. दुपारी जेवणं झाली की राफिला मूराला घेऊन नदीकाठच्या सपाट रस्त्याने फिरायला निघायची. सुरुवातीला ती ठरवून निघायची, आज गिरणीपर्यंत जाऊ, आज पुलापर्यंत. मूरा मधेच उभी राहायची आणि राफिला दावं ओढून बघायची, अजून थोडं, अजून थोडं. आता ती दावं घरीच ठेवत होती. लोक फाटकातून विचारायचे, "काय राफिला, कुठवर?" आणि ती म्हणायची, "ही नेईल तिथवर."

त्या दिवशी माथ्यावर पहिला बर्फ दिसत होता. खाली ऊन होतं, रस्त्यावर बीचची पानं पडली होती आणि मूराच्या खुरांखाली ती वाजत होती. गिरणीच्या अलीकडे मूरा थांबली. राफिलाही थांबली. तिने डोंगराकडे बघितलं, ओढ लागली ती लागू दिली. मूरा डोळे मिटून उन्हात उभी होती, खालचा ओठ लोंबत होता, मागचा एक पाय आरामात टेकवलेला. दमलेली होती, पण सुखात होती. राफिला रस्त्याकडेच्या दगडावर बसली, पाठीला ऊन लागू दिलं आणि मूराला केव्हा निघावंसं वाटतंय याची वाट बघत राहिली.